नानांच्या हातचा दगड

देवाकडे मी आजवर काय काय मागितलं असेल त्याची गणती नाही. स्कूटी एका बटणात चालू होऊ दे, बस मिळू दे, साहेबांनी आजच नकाशा बघायला मागू नये, आईचा रिपोर्ट चांगला येऊ दे. अंघोळ करताना सुरू झालेलं हे मागणं अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत चालूच असतं. नानांनी मात्र देवाकडे कधी काही मागितलं नाही. निदान चार वर्षं बरोबर काम केलं त्यात मी तरी ऐकलं नाही. एकदा न राहवून विचारलं, तर म्हणाले, मागायचं असेल तर कलेक्टर कचेरीत अर्ज द्यावा, तिथे पोच तरी मिळते. देवाकडे नुसती हजेरी लावायची असते.

आम्ही दोघं जमीन मोजणाऱ्या खात्यात, जळगावला. नाना निवृत्तीला आलेले, मी नवी. त्यांची उमेदीची वर्षं लोखंडी साखळी ओढून शेतं मोजण्यात गेली होती. मी लागले तेव्हा उपग्रहाशी बोलणारं मशीन आलं होतं. साहेब आम्हाला जोडीनं पाठवत ते एवढ्यासाठी, की मशीन मला येत होतं आणि माणसं नानांना. मला भीती दोन्हीची वाटायची. मशीनवर आलेला आकडा खरा असेल ना ही एक, आणि खरा असला तर बांधावर जमलेले दोन भाऊ आता एकमेकांच्या अंगावर धावून जातील की काय ही दुसरी.

कोणाच्याही शेतात पाऊल टाकण्याआधी नाना चपला काढत आणि पुटपुटत, ‘येतो बरं का.’ हे शेतमालकाला नव्हे, शेताला. निघताना पुन्हा तसंच, ‘जातो, तसदी दिली.’ भर मे महिन्यात, कपाशीच्या पऱ्हाटीचे खुंट टोचत असताना हा माणूस अनवाणी चालायचा आणि बूट घातलेली मी मागून मशीनची काठी घेऊन जायची, तेव्हा शेतकरी माझ्याकडेच विचित्र नजरेनं बघत. मी एकदोनदा बूट काढून पाहिले. काटा लागेल, विंचू असेल, पाय भाजेल या विचारांत एक खूण चुकवली आणि पुन्हा घातले.

त्यांच्या पिशवीत खुंट्या, हातोडी, चुन्याची पुडी आणि खोकल्याच्या औषधाच्या जुन्या बाटलीत तेलात कालवलेला शेंदूर असे. बांधावर, शिवेवर, नाल्याच्या काठी कुठे एखादा म्हसोबा किंवा मरीमाय कोरडी पडलेली दिसली की नाना मोजणी थांबवत. आधी आपल्याच रुमालानं धूळ पुसायची, मग बोटानं शेंदूर लावायचा, मग हात जोडून मिनिटभर उभं राहायचं, आणि पुन्हा कामाला लागायचं. मोठ्या देवळांत ते जात नसत. तिथे माणसं पुष्कळ आहेत, आपल्यावाचून त्यांचं अडत नाही, म्हणत. कुणी एखादा देव नवसाला पावतो असं सांगितलं की त्यांचा चेहरा पडायचा, जणू एखाद्या सभ्य माणसाबद्दल कुणी वावगं बोललं.

शनिवारी आम्ही दोघं धुळ्याच्या बसला असायचो. माझं माहेर धुळ्यात, त्यांचं गाव धुळ्याच्या अलीकडे. एरंडोल गेलं की नाना खिडकीशी सरकून बसत आणि अधूनमधून कपाळाला हात लावत. मी बाहेर बघायची तर काही नसायचं, नुसता नवा रुंद रस्ता आणि दुभाजक. विचारलं तेव्हा कळलं, रस्ता वाढवताना तिथले दगडाचे देव उचलून कुठेकुठे नेऊन ठेवले होते. मी म्हटलं, मग आता तिथे नमस्कार कोणाला? ते म्हणाले, देव हलवला, जागा थोडीच हलवली.

हे सगळं ऐकायला गोड वाटतं, पण नानांबरोबर काम करणं गोड नव्हतं. त्यांच्यापायी रोज तास-दीड तास जायचा आणि साहेबांची बोलणी मला बसायची. घरीही काही वेगळं नव्हतं. एकदा त्यांच्या गावी जेवायला गेले होते, तेव्हा काकूंनी भाकरी वाढता वाढता अहिराणीत तक्रार केली, ‘शिवारना बठ्ठा देवस्ले तेल. मना देवघरमा दिवा मीच लावस.’ नाना खाली मान घालून जेवत राहिले. घरच्या देवांना काकू आहेत ना, एवढंच म्हणाले.

ऑफिसात आमचा एक सहकारी होता. दहा बोटांत सहा अंगठ्या, दोन्ही मनगटांवर दोरे, टेबलाच्या काचेखाली चार देवांचे फोटो. साहेब त्याला कौतुकानं भाविक म्हणत. नाना एकदा चहा पिताना सहज म्हणाले, तो भाविक नाही, भित्रा आहे. माझ्याही मनगटावर दोन दोरे होते, ते मी पटकन बाहीत सरकवले. मग भाविक म्हणजे कोण, असं मी जरा चिडूनच विचारलं. नानांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, आपण कोणाच्या जागेत उभे आहोत हे ज्याच्या ध्यानात राहतं तो. मला ते काही पटलं नाही. जागा मोजणाऱ्या माणसाला सगळं जागेतच दिसणार, असं मी मनात म्हटलं.

पण एक सांगायला हवं. या भावापायी त्यांनी माप कधी बिघडू दिलं नाही. एकदा कपाशीच्या शेतात हद्दीची खूण नेमकी वारुळावर आली. मालक म्हणाला, दोन हात सरकवा, काय फरक पडतो. नानांनी खुंटी सरकवलीही नाही आणि वारुळात ठोकलीही नाही. चार बाजूंना चार खुंट्या मारल्या, दोऱ्या ताणल्या, आणि दोऱ्या एकमेकींना छेदतात तीच खूण, असं कागदावर लिहून दिलं. त्यात दुपार गेली. इंचाचाही फरक नव्हता, मी मशीननं तपासलं होतं.

आता ज्या गावासाठी हे लिहायला घेतलं त्याबद्दल. गाव असोद्याच्या पलीकडचं आहे, नाव लिहीत नाही. एका अक्कांनी मोजणीचा अर्ज केला होता. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला, तीन एकर केळी, आणि केळीला पाणी देणारी एक विहीर. भांडण या विहिरीचं होतं. शेजारच्या, पस्तिशीतल्या भाऊंचं म्हणणं, विहीर आमच्या हद्दीत येते. त्यांनी मोटारीच्या पेटीला कुलूप लावलं होतं आणि अक्कांच्या बागेतली पानं कडेनं पिवळी पडायला लागली होती. मोजणीत विहीर कोणाची ते ठरणार होतं, आणि विहीर गेली तर बाग गेली हे बांधावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

भाऊ वाईट माणूस नव्हता. त्यांनी आम्हाला खुर्च्या मागवल्या, पाणी दिलं. त्यांचा पुरावा सरळ होता. निंबाखाली सिमेंटचा ओटा, ओट्यावर शेंदरी म्हसोबा. म्हसोबाच्या अलीकडे त्यांचं, पलीकडे अक्कांचं. त्यांना कळायला लागल्यापासून देव हद्दीवर होता आणि तो तिथेच होता. अक्का म्हणत होत्या, नवरा सांगायचा की देव आधी तिकडे होता, भाऊंच्या वडलांनी ओटा बांधताना सावलीला आणला. पण त्यांनी स्वतः पाहिलं नव्हतं आणि ज्यांनी पाहिलं होतं ते गप्प उभे होते. ‘माह्या सासऱ्यानं खंदेली हीर हाय ही,’ एवढंच त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या.

माझ्या मशीननं हद्द दाखवली ती ओट्यापासून पंधरा पावलं अलीकडे, भाऊंच्या केळीत. विहीर या पंधरा पावलांतच होती, म्हणजे ती अक्कांची. मी आकडा तीनदा घेतला, तीनदा तोच आला. भाऊ शांतपणे म्हणाले, बाई, मशीन कालचं आहे, देव जुना आहे. मागून चाळीसेक माणसांनी माना हलवल्या. तीन-चार पोरांनी मोबाइल वर धरले होते. आमच्याकडचं जुनं टिपण तीस वर्षांपूर्वीचं, त्याचा कोपरा वाळवीनं खाल्लेला, मोजणाऱ्याची सही त्यातच गेलेली. अशा वेळी आमच्याकडे एक सोयीचं वाक्य असतं, वाद असल्याने मोजणी तहकूब. ते लिहिलं की जीपमध्ये बसता येतं. मी पॅडवर ‘वाद अस’ इथपर्यंत लिहिलंही होतं.

नाना तोपर्यंत म्हसोबाशी होते. ओटा धुतलेला होता, पण देवाच्या एका बाजूचा शेंदूर पापुद्रे धरून सुटला होता, तो ते हलक्या हातानं काढत होते. काढता काढता त्यांचा अंगठा एका जागी थांबला. मग पुन्हा तिथेच फिरला. मी जवळ गेले तर त्यांनी मला बोटानं दाखवलं. शेंदराच्या थरांखाली छिन्नीनं कोरलेला बाण होता आणि बाणाखाली एक आडवी रेघ. बाण सगळेच मोजणीदार कोरत. खालची रेघ फक्त नाना मारत, स्वतःची खूण म्हणून, हे मला त्यांच्याबरोबर हिंडून माहीत झालं होतं. तीस वर्षांपूर्वी दोन घरांची वाटणी मोजून हा दगड त्यांनीच रोवला होता. तेव्हा तिथे उघडी जमीन होती, आता डोक्याच्या वर केळी गेली होती, म्हणून त्यांना जागा ओळखता आली नव्हती.

मला पहिला विचार आला तो अक्कांचा नव्हता. आता हे बोलले तर काय होईल, हा होता. चाळीस माणसांसमोर त्यांच्या देवाला हद्दीचा दगड म्हणायचं. मी नानांच्या कानाशी लागले. म्हटलं, नाना, राहू द्या, तहकूब करू, साहेबांना सांगू, पोलीस बंदोबस्त घेऊन येऊ. नाना माझ्याकडे बघतही नव्हते. फार हळू म्हणाले, ‘ताई, ह्या लोके देवले खोटं बोलाले लावी राहिनात.’

मग ते उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘हाऊ मना हातना दगड शे.’

नानांनी भाऊंना जवळ बोलावून बाण दाखवला. आपण तेव्हा दगडाखाली कोळसा आणि फुटकी कौलं पुरत असू, कोळसा कुजत नाही म्हणून, असं सांगितलं. मशीन जिथे हद्द म्हणतं तिथे खणा, नाही निघाला तर मी खोटा. दोघांनी कुदळी घेतल्या. ती दहा मिनिटं मी कशी काढली मला माहीत नाही. कोळसा नसला तर काय, हेच डोक्यात होतं. हातभर खणल्यावर माती काळी झाली, मग कौलाचा तुकडा आला. अक्कांनी तो उचलून पदराला पुसला.

भाऊंचा चेहरा बघवत नव्हता. त्या घडीला त्यांना विहिरीचं दुःख नव्हतं, ते खरोखर दुसऱ्याच गोष्टीनं हादरले होते. त्यांच्या घरची लग्नं, बाळंतपणं, बैलांची दुखणी, सगळं त्या ओट्यापाशी झालं होतं. ते म्हणाले, ‘मंग आम्ही इतके वर्सं काय दगडाले पुजलं?’

‘दगड मी रोवा. देव तुम्हीन करा,’ नाना म्हणाले. ‘दोन्ही खरं शे.’ मग त्यांनी समजावून सांगितलं, की मी त्याला एकच काम सांगून गेलो होतो, इथे उभा राहा आणि खरं सांग. ते त्यानं केलं. सावलीला तुम्ही आणलंत, चांगलं केलंत, राहू द्या इथेच, कोणी हलवू नका. फक्त त्याच्या नावानं हद्द सांगू नका, ती तिकडे आहे. एवढं बोलून नानांनी आपल्या हातानं कोरलेल्या त्या दगडापुढे गुडघे टेकले आणि कपाळ ओट्याला लावलं. मी त्यांच्या मागे उभी होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच वेळी जीप चालू होईल ना ही काळजीही मनात होती. मी अशीच आहे.

चार दिवसांत तक्रार आली. कोणीतरी चित्रफीत फिरवली होती. तीत नानांचं ‘दगड शे’ एवढंच ऐकू येत होतं आणि पुढचा नमस्कार कापलेला होता. भावना दुखावल्या म्हणून ऑफिसला मोर्चा आणू, असं तक्रारीत होतं. साहेबांनी आम्हा दोघांकडून लेखी खुलासा मागितला. नानांनी दोन ओळी लिहिल्या: मी दगड म्हणालो, मी पायाही पडलो. मी एक ओळ लिहिली: मशीन हाताळत असल्याने संबंधितांचे बोलणे मी ऐकले नाही.

शिपायानं दोन्ही कागद एकाच फाइलला लावून सहीसाठी नानांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी वाचलं. मी समोर बसून नुसती संगणकाकडे बघत होते, कान तापले होते. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, ‘ताई, मशीनले कान नहीत. तुले कान शेत.’ एवढंच. दुपारी नेहमीसारखा डबा पुढे केला. महिनाअखेरीला ते निवृत्त झाले. निरोप समारंभात मी त्यांच्याबद्दल चार चांगली वाक्यं बोलले आणि घरी जाऊन रडले.

मोर्चा काही आला नाही. आलं ते भाऊंच्या वकिलाचं अपील. कोळसा काय, कोणीही पुरेल. म्हातारा मोजणीदार दगड आपला म्हणतो, पण बरोबरच्या बाईंनीच लेखी दिलंय की त्यांनी काही ऐकलं नाही. माझी ओळ जशीच्या तशी अपिलात उतरवलेली होती. निकाल लागेपर्यंत मोटारीचं कुलूप तसंच राहिलं. एक दिवस अक्का ऑफिसात आल्या. रागावल्या नाहीत, भांडल्या नाहीत. माझ्यासमोर बसून म्हणाल्या, ‘बाई, तुम्ही तं तिथंच उभ्या व्हत्या.’ मी त्यांना पाणी दिलं. अर्धी बाग वाळल्याचं त्यांनी जाताना सांगितलं. मला स्वतःची इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती.

ती नुसती भीती असती तर मी स्वतःला माफ केलं असतं, मला सवय आहे. पण नानांनी देवाला खोट्या साक्षीतून सोडवलं आणि मी त्याच जागी स्वतः जाऊन उभी राहिले, हे मला झोपू देईना. भाव म्हणजे काय ते ते मला इतकी वर्षं सांगत होते आणि मी मनगटावरचे दोरे मोजत बसले होते.

सुनावणीची तारीख लागली तेव्हा मी नानांना फोन केला. खरं सांगायचं ठरवलंय म्हटलं. मग आधीचं खोटं का लिहिलं, असं विचारतील, माझी चौकशी लागेल, नोकरी अजून कायम झालेली नाही, हे सगळं एका दमात सांगून टाकलं. मला वाटलं होतं ते म्हणतील, होईल सगळं ठीक. ते तसलं काही म्हणाले नाहीत. तारीख आणि वेळ विचारली. मी म्हटलं, नाना, तुम्हाला समन्स नाही, यायची गरज नाही. तर म्हणाले, मला ऐकू आलं.

सुनावणीच्या खोलीत पंखा घरघरत होता. टेबलापलीकडे अधिकारी, बाजूला भाऊ आणि त्यांचे वकील, मागच्या बाकावर अक्का. मला पुढे बोलावलं. वकिलानं माझा कागद माझ्यासमोर ठेवला आणि विचारलं, ही तुमचीच सही ना, हे तुम्हीच लिहिलंय ना. मी हो म्हटलं. म्हणजे त्या दिवशी त्यांचं बोलणं तुम्ही ऐकलं नाही, असंच ना? सगळे वाट बघत होते आणि मी टेबलाची कड धरून उभी होते.

तेवढ्यात बाहेर शिपायाचा आवाज आला. तो कोणाला तरी विचारत होता, आजोबा, तुम्ही सकाळपासून बसलाय, तुम्ही साक्षीदार आहात का, तुमचं नाव पुकारायचंय का.

‘नही,’ नानांचा आवाज आला. ‘ती मझार शे. मी बाहेर शे.’

वकिलानं प्रश्न पुन्हा विचारला.

‘ऐकलं होतं,’ मी म्हटलं, दाराबाहेर बाकापर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं. ‘सगळं ऐकलं होतं. मी खोटं लिहिलं.’